बोटभर वात, घरभर काजळी

घटस्थापनेला लावलेला नंदादीप पहिले दोन दिवस शहाण्यासारखा तेवतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री मात्र त्याचे लक्षण बदलते. ज्योत उंच होते, तिचे टोक दुभंगते, रंग पिवळ्याचा तांबूस होतो आणि वर एक बारीक काळी रेघ उठू लागते. सकाळी पाहावे तर देवघराच्या वरच्या फळीला तळहाताएवढा काळा डाग.

उमरी आणि आसपासच्या गावांत हा डाग पुष्कळ घरांच्या ओळखीचा आहे. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कापसाच्या पट्ट्यात वसलेले. माहूरची रेणुका याच जिल्ह्यातली. नवरात्रात घट बसतात, नऊ दिवस दिवा अखंड ठेवायचा असतो, आणि साधारण त्याच सुमारास रानात कापूस फुटून पहिली वेचणी सुरू होते. वातीसाठी कापूस दुकानातून आणायचे कारणच नाही. मूठभर कापसातली सरकी काढायची, तो बोटांनी विंचरून मोकळा करायचा, चिमूटभर राख किंवा दुधाचे बोट लावून तळहातावर वळायचा. वात तयार.

दिवा विझू नये म्हणून रात्री घरातले कोणीतरी त्याच्याजवळ अंथरूण टाकते. बहुधा आजीच. खोली लहान, पावसाळी गारव्यामुळे खिडकी लावलेली, आणि दिवा उशापासून दोन हातांवर. धुराची रेघ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिच्याच छातीत जाते. दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा त्रासही अनेकदा तिलाच असतो. म्हणून वातीची लांबी हा विषय भिंतीच्या डागापुरता राहत नाही.

मजा अशी की उपायही आजीलाच ठाऊक असतो. ती उठते, काडीने वातीचा जळका शेंडा झाडते, वात किंचित मागे ओढते, तेल घालते. ज्योत पुन्हा आखूड आणि स्थिर होते, रेघ नाहीशी होते. हे का घडते, ते पाहण्यासारखे आहे.

वात जळते असे आपण म्हणतो, पण जळते ते तेल. आणि तेलसुद्धा द्रवरूपात जळत नाही. तेलाच्या वाटीत पेटती काडी टाकली तर काडी विझते, तेल पेटत नाही. वात हे तेल वर चढवते. भरलेल्या बादलीच्या काठावर पंचा टाकून त्याचे एक टोक पाण्यात राहू दिले, तर काही वेळाने बाहेर लोंबणाऱ्या टोकातून पाणी ठिबकू लागते. धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढते आणि काठ ओलांडते. याला केशाकर्षण म्हणतात. वातीतून तेल असेच चढते, शेंड्याशी तापते, त्याची वाफ होते, वाफेचे रेणू तुटतात, आणि ही तुटलेली वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडल्यावर जळते. तेल येत असते तोवर वात स्वतः फारशी जळत नाही, कारण वर येणारे तेल तिला गार ठेवते. तेल संपले की मात्र ती झरझर जळते आणि वास सुटतो.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती फक्त मेणबत्तीवर. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक झाले आणि ते आजही छापले जाते. त्यांतला एक प्रयोग डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. ज्योतीच्या मध्यभागी, वातीच्या अगदी भोवती, एक काळसर भाग दिसतो. फॅरेडेंनी काचेच्या वाकड्या नळीचे एक टोक त्या काळसर भागात धरले. दुसऱ्या टोकातून दाट वाफ बाहेर आली, आणि तिला काडी लावल्यावर तिथेही ज्योत पेटली. ज्योतीच्या पोटात आग नव्हतीच, न जळलेले इंधन होते. जळणे चालते ते बाहेरच्या कडेला, जिथे हवा भेटते तिथे.

मग तो पिवळा उजेड कुठून येतो? तो काजळीचाच. वाफेचे रेणू तुटून त्यांतून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ज्योतीच्या उष्णतेने लोखंडाच्या तापल्या सळईसारखे चमकू लागतात. प्रत्येक दिव्यात काजळी असते. किंबहुना काजळी नसती तर समईचा उजेडच नसता. चांगल्या ज्योतीत हे कण चमकत चमकत वर जातात आणि ज्योतीच्या कडेला पोचताच जळून संपतात. ज्योत प्रमाणाबाहेर वाढली की मात्र इंधन जास्त आणि हवा तेवढीच असे होते. कण जळून संपण्याआधीच ज्योतीचे टोक गार पडते. टोक तांबूस दिसते ते त्यामुळेच, आणि उरलेले कण धूर होऊन निसटतात. (स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील वूझाँग झोऊ यांना २०११मध्ये मेणबत्तीच्या ज्योतीत हिऱ्याचेही कण सापडले, सेकंदाला सुमारे १५ लाख. तेही तिथल्या तिथे जळून जातात, त्यामुळे सराफ्याला धोका नाही.)

वातीचा जेवढा भाग तेलाबाहेर, तेवढा वाफ होण्याचा पृष्ठभाग मोठा. वात म्हणजे इंधनाच्या नळाची तोटी आहे. ती पुढे सारली की तोटी उघडते, मागे ओढली की आवळते. हवा मात्र आपल्या हातात नसते. ती ज्योतीभोवती जेवढी येते तेवढीच येते. म्हणून इंधन हवेच्या बेताने सोडायचे, हे दिव्याचे सगळे तंत्र. मोठी ज्योत म्हणजे मोठा उजेड, हे एका मर्यादेपर्यंतच खरे असते. त्यापलीकडे तेल जास्त जळते, उजेड तांबडा होतो आणि भिंत काळी.

मराठवाड्यातल्या घरांत एक चूक मात्र सर्रास होते, आणि तिचे कारण तेलाच्या स्वभावात आहे. करडई, तीळ, शेंगदाणा यांची तेले रॉकेलपेक्षा वीस-पंचवीस पट दाट असतात. एरंडेल तर त्याहून कितीतरी घट्ट. घट्ट तेल वातीतून सावकाश चढते आणि फार उंच चढू शकत नाही. कंदिलाची पट्टीवात टाकीतून वीतभर वर रॉकेल ओढते. समईच्या वातीला ते जमत नाही. म्हणूनच समईत वात आडवी, काठावर टेकवलेली असते आणि ज्योत तेलाच्या पातळीपासून जेमतेम बोटभर वर असते.

आता रात्र चढते तसे तेल खाली जाते. तेल खाली गेले की वातीला ते जास्त उंच ओढावे लागते, पुरवठा कमी पडतो, ज्योत मंदावते. ज्योत मंदावली म्हणून कोणीतरी झोपेतून उठून वात पुढे सारते. ज्योत तेवढ्यापुरती मोठी होते. पहाटे दुसरे कोणी उठून तेल घालते. आता तेल काठोकाठ आणि वात लांब सारलेली, म्हणजे तोटी पूर्ण उघडी आणि टाकीही भरलेली. धूर सुरू होतो तो इथे. ज्योत मंद झाली की हात आधी तेलाच्या भांड्याकडे जायला हवा, काडीकडे नंतर. तेल घातल्यावर मिनिटभर थांबावे. बहुतेक वेळा ज्योत स्वतःच सावरते आणि वातीला हात लावायची गरज उरत नाही.

करडईचा आणखी एक गुण इथे आडवा येतो. परभणी, लातूर, नांदेड हा करडईचा जुना पट्टा. हे तेल खायला चांगले, पण ते सुकणाऱ्या तेलांपैकी आहे. हवा आणि उष्णता लागली की ते घट्ट होत जाऊन त्याचा चिकट पापुद्रा बनतो. याच गुणामुळे ते रंगांच्या कारखान्यातही वापरले जाते. समईच्या काठाला जो तपकिरी, नखानेही न निघणारा चिकटा बसतो, तो हाच. वातीच्या धाग्यांतही तो साचतो आणि पोकळ्या बुजतात. कालच्या तेलातच आज तेल ओतत राहिले, वात तीच ठेवली, तर चौथ्या दिवशी दिवा कुरकुरणारच. जुने तेल काढून, समई पुसून, नवी वात घालणे हा शुचितेचा भाग म्हणून आपल्याकडे सांगितला जातो. वातीच्या धाग्यांनाही तो मानवतो.

कापसाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गाव कापसाचे आहे. नांदेडचा गावरानी कापूस एकेकाळी नावाजलेला. इथल्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण पुढे राज्याबाहेरही गेले. आता शेतात बीटीच दिसतो. वातीला मात्र वाणाने फारसा फरक पडत नाही. कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गतः मेणाचा अगदी पातळ थर असतो. त्यामुळे रानातला कापूस पाण्यावर टाकला तर बराच वेळ तरंगत राहतो, तेल मात्र पटकन पितो. दवाखान्यातला कापूस हा थर काढून टाकलेला असतो, म्हणून तो पाणी शोषतो. दिव्याला दोन्ही चालतात. फरक पडतो तो वळण्याने. वात फार घट्ट वळली तर धाग्यांमधल्या पोकळ्या दबतात आणि तेल चढत नाही. फार सैल ठेवली तर ती फुलून ज्योत रुंद होते आणि धुरते. सरकीचा तुकडा किंवा पाल्याचा चुरा आत राहिला तर तिथे ज्योत तडतडते. ओल्या वातीचेही तसेच, कारण तेलातल्या पाण्याच्या थेंबाची एकदम वाफ होऊन ठिणगीसारखे तेल उडते. विकतच्या वातींमध्ये कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर तो जळण्याआधी वितळतो आणि शेंड्याला कडक मणी धरतो. एक वात पेटवून विझवून बोटांत चुरडून पाहावी. सुती वातीची राख होते, मणी उरत नाही.

वातीच्या जळक्या शेंड्याला मराठीत गुल म्हणतात. दख्खनी उर्दूतही तोच शब्द. गुल म्हणजे फूल. बराच वेळ जळलेल्या वातीच्या टोकाला काळे, फुगीर, भूछत्रासारखे बोंड येते, त्याला फूल म्हणणारा माणूस रसिक असला पाहिजे. (मराठवाड्याला ‘बत्ती गुल’ हा शब्दप्रयोग भारनियमनाने पाठ करून दिला आहे.) हे बोंड कार्बनचे, सच्छिद्र असते. ते तेल शोषून ज्योतीत रुंदावर पसरवते, म्हणजे वात न सारताही तोटी उघडते. ज्योत एकसंध राहत नाही, फडफडते, धुरते. त्यातला तुकडा सुटून तेलात पडला तर तोही कधी कधी दुसऱ्या वातीसारखा पेटतो. गुल झाडणे म्हणजे वातीला तिची मूळ जाडी परत देणे.

युरोपात या गुलाने शतकानुशतके लोकांचा जीव खाल्ला. चरबीच्या मेणबत्त्यांची वात वितळल्या चरबीच्या मानाने हळू जळे, लांबत जाई, आणि दर काही मिनिटांनी ती कातरावी लागे. त्यासाठी खास कात्री असे; तिच्या पात्याला छोटी डबी जोडलेली, म्हणजे कापलेला जळका तुकडा त्यातच पडावा. नाटकगृहांत मेणबत्त्या कातरायला माणसे नेमलेली असत. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात काढली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या, सर्वांत तप्त कडेला जाते आणि तिथे जळून राख होते. वातीने स्वतःलाच कातरायला शिकले! आज दिवाळीत किंवा वीज गेल्यावर लावायच्या साध्या, बारीक मेणबत्तीची वात बारकाईने पाहिली तर ती वाकलेली दिसते आणि टोकाला लाल ठिपका चमकत असतो. अशा मेणबत्तीला कात्री लागत नाही ती त्या ठिपक्यामुळे.

जाड मेणबत्त्यांचे, आणि काचेच्या पेल्यात ओतलेल्या सुगंधी मेणबत्त्यांचे मात्र तसे नाही. आता त्या नांदेड-लातूरच्या भेटवस्तूंच्या दुकानांतही रांगेने मांडलेल्या असतात. त्यांची वात जाड असते, मेणात सुगंधी तेल आणि रंग मिसळलेला असतो, पेल्याच्या भिंतींमुळे हवा कमी पोचते. अशा मेणबत्तीला गुल लवकर धरतो. दर वेळी लावण्यापूर्वी, मेण गार आणि घट्ट असताना, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापावी. फूटपट्टी शोधायला नको. गव्हाचा दाणा साधारण तेवढाच लांब असतो. पेल्यात कात्री शिरत नसेल तर नखे कापायच्या कटरने काम होते. कापलेला तुकडा मेणात पडू देऊ नये. गव्हाच्या दाण्याहून फार आखूड कापली तर वात वितळल्या मेणात बुडते आणि ज्योत गुदमरते, हेही खरे. जुन्या आयात मेणबत्त्यांच्या वातीत ताठपणासाठी शिशाची तार असे. अमेरिकेने २००३मध्ये तिच्यावर बंदी घातली. घरात कुणी परदेशातून आणलेली फार जुनी मेणबत्ती असेल आणि वातीत धातूची तार दिसत असेल, तर ती शोभेलाच ठेवावी.

रॉकेलची गोष्ट यापेक्षा काळी आहे. २०११च्या जनगणनेत देशातली ३१ टक्क्यांहून अधिक कुटुंबे उजेडासाठी मुख्यतः रॉकेलवर होती. मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर चिमणी ही नित्याची वस्तू होती. औषधाची बाटली किंवा पत्र्याची डबी, झाकणाला भोक, त्यातून चिंधीची वात. काच नाही, वात खालीवर करायची चक्री नाही. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार अशा साध्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के रॉकेल थेट काजळी होऊन बाहेर पडते. लिटरभर रॉकेलचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. म्हणजे लिटरमागे ५५ ते ७० ग्रॅम काजळी, आणि ती पुस्तकावर वाकलेल्या पोराच्या नाकासमोर. काचेच्या कंदिलात हेच प्रमाण साधारण दहाव्या हिश्शावर आले. काच हवेला खालून वर ओढणारे धुराडे बनते आणि ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते, आणि चक्रीमुळे वात मापात राहते.

पट्टीवातीच्या त्या कंदिलाची निगा आजोबा-आजींच्या पिढीला हातखंडा होती. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील ज्या घरात होता, तिथे संध्याकाळी काच पुसणे आणि वात झाडणे हे मुलांचे ठरलेले काम. वात कापायची ती अगदी सरळ, आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करून. तिरकी कापली की ज्योतीला एका बाजूला शिंग फुटते आणि काच त्याच बाजूने काळी होते. रोज कात्री लावण्यापेक्षा जळका थर कापडाने किंवा कागदाने पुसून काढणे बरे, असेही जाणकार सांगत, आणि ते बरोबर होते. कात्रीने सुटलेला एक धागाही शिंगाला पुरतो.

आणि हे केवळ घरगुती शहाणपण नाही. रॉकेलच्या भारतीय मानकात वातीला स्वतःचे स्थान आहे. रॉकेल ठरावीक दिव्यात जाळून, धूर न होता ज्योत किती उंच जाऊ शकते हे मोजतात. ती उंची किमान १८ मिलिमीटर असावी लागते. त्याशिवाय किलोभर रॉकेल जळाल्यावर वातीवर २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जळकट उरता कामा नये, आणि काचेवर धरलेला थर करड्याहून गडद नसावा, अशाही अटी आहेत. म्हणजे आजी ज्याला गुल म्हणते आणि जो काडीने झाडते, तो प्रयोगशाळेत तराजूवर तोलला जातो. समईच्या तेलाला अशी अट नाही. ते खाण्यासाठी तपासले जाते, जाळण्यासाठी नव्हे. तेव्हा गुलावर नजर ठेवायची ती घरानेच.

काजळीचा शरीराशी संबंध पहिल्यांदा ठामपणे दाखवला तो १७७५मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी. लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे एक विशिष्ट कर्करोग होतो, आणि त्याचे कारण त्वचेत साचणारी काजळी, असे त्यांनी लिहिले. एखाद्या कर्करोगाला कामधंद्यातले कारण चिकटवण्याची ती सुरुवात होती. देवघरातल्या एका दिव्याची काजळी आणि धुराड्यातली काजळी यांची तुलना करून कुणाला घाबरवायचे कारण नाही. मात्रेत आकाशपाताळाचा फरक आहे. पण कण तेच. दिव्याच्या काजळीचे मूळ कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या-दोन हजाराव्या हिश्शाचे असतात. एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या झाल्या तरी ते ‘पीएम २.५’ या वर्गात सहज बसतात. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या कोशांपर्यंत जातात.

थोडा हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढीच उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. खोली पूर्ण बंद असेल आणि तिच्यात एक मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या दहा-पंधरा दाण्यांच्या वजनाएवढी काजळी तरंगत असेल, तर दर घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०. खरी खोली इतकी बंद नसते, हवा येत-जात राहते, काही काजळी छताला चिकटते. तरी आकड्यांचा आवाका लक्षात येतो. छतावर डाग उमटण्याइतका धूर नऊ रात्री निघत असेल, तर दम्याच्या माणसाला, गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला त्याच खोलीत झोपवणे शहाणपणाचे नाही. दिवा तेवत राहू द्यावा. अंथरूण शेजारच्या खोलीत न्यावे, किंवा खिडकीची एक फळी उघडी ठेवावी. पंखा मात्र दिव्याच्या रोखाने नको. वाऱ्याच्या झोताने फडफडणारी ज्योत आखूड वातीलाही धूर काढायला लावते, आणि नायलॉनचा पदर किंवा पडदा तिच्याकडे झुकला तर पुढचे सांगायला नको.

याच घरात काजळी मुद्दाम धरण्याचेही शास्त्र आहे, हे विसरून चालणार नाही. काजळ धरायचे तर काय करतात? एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यात जाड वात, ती चांगली वर काढलेली, आणि ज्योतीत बुडेल अशी उपडी पितळी वाटी किंवा तांब्याचे ताम्हन. गार धातू ज्योतीला शिवताच कण जळायचे थांबतात आणि वाटीला चिकटतात. धूर टाळण्यासाठी जे जे करायला नको, ते सगळे एकत्र केले की काजळ मिळते. त्या बाईला ज्वलनाचा सिद्धान्त कोणी शिकवला नव्हता, पण तोटी दोन्ही बाजूंना कशी फिरवायची हे तिला पक्के ठाऊक होते. (तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मात्र ते घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. बोटाने घातलेल्या काजळातून डोळ्याला जंतुसंसर्ग होतो. हौस असेल तर कानामागे तीट लावावी.)

अखंड दिव्याची वात बदलताना दिवा खंडित होईल, या धास्तीने पुष्कळजण ती बदलतच नाहीत, आणि चौथ्या दिवसापासून धूर सोसतात. त्यावर जुनी तोड आहे. नंदादीपाच्या ज्योतीवर एक निरांजन लावून बाजूला ठेवायचे, मग समई निवांत पुसायची, जुने तेल काढायचे, नवी वात घालायची, आणि निरांजनाच्या ज्योतीने ती पेटवायची. नवी वात आधी तेलात पूर्ण भिजवून, पिळून घ्यावी. कोरडी वात पेटवली तर पहिली काही मिनिटे कापूसच जळतो आणि गुलाची सुरुवात तिथेच होते. शेंडा तेलाबाहेर अर्ध्या पेरापेक्षा जास्त नको. निरांजनातल्या फुलवातीलाही हेच लागू. तूप नीट कढवलेले, बेरी गाळलेले असेल तर ती शेवटपर्यंत स्वच्छ जळते.

राहिला दिवा मालवण्याचा प्रश्न. दिव्यावर फुंकर घालू नये, असे आपल्याकडे सांगतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या २००९मधल्या अभ्यासात मेणबत्तीच्या धुराचे तीन प्रकार वेगळे काढून मोजले होते: ज्योत स्थिर असतानाचा, ती फडफडत असतानाचा, आणि ती विझल्यानंतर धुमसणाऱ्या वातीचा. फुंकर मारल्यावर जो पांढरा धूर उठतो, ती न जळलेल्या इंधनाची वाफ असते. जळती काडी त्या धुराच्या रेघेत बोटभर वर धरली तरी ज्योत उडी मारून वातीवर परत येते. तेल-तुपाच्या दिव्याचा हा धूर डोळ्यांना झोंबतो, कारण तेलातल्या ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलीन नावाचे चरचरीत द्रव्य तयार होते. फोडणीचे तेल जळल्यावर ठसका लागतो तो त्याचाच. मेणबत्तीच्या मेणात ग्लिसरीन नसते, म्हणून तिचा धूर तेवढा झोंबत नाही.

त्यावर पितळी काडी पुरते. तिने वात अलगद तेलात बुडवायची. ज्योत जाते, धूर निघत नाही, वास येत नाही. मग तीच वात काडीने पुन्हा काठावर आणून ठेवायची. तेल पिऊन ती उद्याच्या सांजवेळेसाठी तयार असते.